आयुष्यभर चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढला, आज घालून दिला: चौकोनी, तिकोनी आणि हुकलेल्या एकचाकी सायकलचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटले. चौकोनी चाक बघायला पाचपैकी पाच, साध्या फरशीवर चालवायला दीड. फुगीर बाजूंचं तिकोनी चाक तीन. गोलच चाक पण हब, म्हणजे ज्याभोवती चाक फिरतं तो भाग, मधोमध नाही, असं जे शेवटी सहज म्हणून करून घेतलं त्याला साडेचार, आणि मजा म्हणजे तेच सगळ्यात स्वस्तात झालं. भोसरीकडचे फॅब्रिकेशनवाले दादा, हाताला पाच, कानाला दोन. का ते खाली येईलच.

माझी बॅकग्राउंड एवढीच की लॉकडाऊनमध्ये एक २० इंची एकचाकी ऑनलाइन मागवली, पार्किंगमध्ये भिंत धरून धरून दोन महिन्यांत शिकले, मग तीच सवय लागली. एकचाकी म्हटलं की आपल्याकडे अजूनही एकच प्रश्न येतो, सर्कशीत जायचंय का (आणि गेलं तर काय बिघडलं, विष्णुपंत छत्र्यांनी १८८० ला ग्रेट इंडियन सर्कस काढली, सांगलीकडचाच माणूस, वारसा आहे आपला). तर मावसभाऊ असतो जर्सीला, त्याने एक व्हिडिओ पाठवला, त्याची लेक न्यूयॉर्कच्या मॅथ म्युझियममध्ये चौकोनी चाकांच्या तीनचाकी सायकलवर बसून आरामात चाललीय, डोकं जराही वरखाली नाही. म्हणजे चाकं चौकोनी आणि पोरगी मात्र लोण्यावरून चालल्यासारखी. ते म्युझियम २०१२ च्या डिसेंबरात सुरू झालं पण ही आयडिया त्याच्याही आधीची, मिनेसोटातल्या मॅकॅलेस्टर कॉलेजात स्टॅन वॅगन नावाचे गणिताचे प्रोफेसर होते, त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियममध्ये चौकोनी चाकाचं मॉडेल बघितलं आणि १९९७ ला माणूस बसेल अशी अख्खी तीनचाकी करून घेतली. खरी गंमत चाकात नाही, रस्त्यात आहे, हे मला तेव्हा वाचून कळलं होतं पण वळलं नव्हतं. मी म्हटलं चाक तर करू, रस्त्याचं बघू नंतर. इथेच पहिली चूक.

बरं, माप कसं काढायचं ते सांगते कारण कुणी करायला गेलं तर उपयोगी पडेल. एकचाकीच्या फोर्कमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या चिमट्यात, २० इंची चाक बसतं म्हणजे हबपासून वरच्या आडव्या भागापर्यंत धरून चाला २५ सेंटीमीटर मोकळे. चौकोनाचा कोपरा तिथून फिरून जायला हवा, म्हणजे मधून कोपऱ्यापर्यंत जास्तीत जास्त २५, म्हणजे चौकोनाची बाजू ३५. यात रबरही आलं, हे विसरू नका. लोखंडी चौकट ३३ ची आणि वर दोन पदरी जुन्या टायरची पट्टी, प्रत्येक बाजूला एकेक सेंटीमीटर. हब मात्र ओरिजिनल चाकातून काढू नका, वेगळे मागवा. मी तीन मागवले, बाहेरून आले, एकूण खर्चातला निम्मा तिथेच गेला.

आता दादांकडे. दुकानाचं नाव देत नाही, कारण एक तक्रार आहे आणि माणूस वाईट नाही. गेटं, ग्रिल, कॅन्टीनची बाकडी असलं काम करतात. मी ड्रॉइंग घेऊन गेले तर त्यांनी आधी कागद उलटा धरला, मग सुलटा, मग म्हणाले, "मॅडम, हे स्टूल आहे का?" मी म्हटलं चाक आहे. ते शांतपणे म्हणाले, "बरं. चार हजार आठशे." हा माणूस मला तिथेच आवडला.

वेल्डिंग खरंच सुंदर. चौकोनी पाइप ४५ च्या कोनात कापून जोडलेला, सांधा ग्राइंडरने असा घासलाय की बोट फिरवलं तर कळत नाही कुठे जोडलंय. टायरची पट्टी कोपऱ्यावर फाटू नये म्हणून त्यांनी आपण होऊन कोपऱ्यावर आतून पत्र्याची छोटी टोपी दिली, मी सांगितलं नव्हतं. पण क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा! ड्रॉइंगवर लाल पेनाने लिहिलं होतं की क्रँक कोपऱ्याच्या रेषेत आले पाहिजेत. त्यांनी बसवला बाजूच्या रेषेत. का, तर "मॅडम, चौकोन आहे, कसाही बसवला तरी चौकोनच."

यात काय एवढं, असं वाटेल, तर थांबा. एकचाकीला फ्रीव्हील नसतं, चाक आणि पेडल एकाच जिवाचे, पेडल थांबलं की चाक थांबलं. चौकोन एका बाजूवर सपाट बसला की तिथून पुढच्या कोपऱ्यावर चढायला सगळ्यात जास्त जोर लागतो. आता क्रँक जर बाजूच्या रेषेत असेल तर एका बाजूवर पेडल आडवं येतं, म्हणजे पूर्ण जोर, छान, आणि पाव चक्कर फिरून पुढच्या बाजूवर बसलं की पेडल बरोब्बर उभं, एक वर एक खाली, म्हणजे जोर शून्य, दाबा किती दाबायचं ते. एक आड एक बाजूला गाडी मेलेली. वरून खालचं पेडल जमिनीपासून जेमतेम ५ सेंटीमीटर, जरा तिरकं झालं की फरशीला घासतं. तेच क्रँक कोपऱ्याच्या रेषेत असेल तर प्रत्येक बाजूवर पेडल ४५ च्या कोनात येतं, चारही वेळा थोडा तरी जोर मिळतो आणि पेडलही उचललेलं राहतं. मग क्रँक काढून फिरवून बसव की, तर नाही, एक्सल स्क्वेअर टेपर, म्हणजे क्रँक बसतो ते टोकच चौकोनी, फिरवला तर ९० नेच फिरणार, आणि चौकोन ९० ने फिरवला की पुन्हा होता तिथेच. चौकोनाने चौकोनाला दिलेला मार. एकच उपाय, हब कापून काढा आणि पुन्हा वेल्ड करा. ७०० रुपये वरचे घेतले आणि आठ दिवस लावले. मी वाद घातला, ते म्हणाले लाल पेनाचं त्यांना वाटलं मास्तरांनी चूक काढलीय.

माझी चूक इतकी की पहिल्यांदा हब बेअरिंगसकट देऊन आले. वेल्डिंगच्या उष्णतेने आतलं ग्रीस जळून गेलं आणि बेअरिंग फिरवलं की वाळू भरल्यासारखं कर्रर्र. बेअरिंग आधी काढून ठेवायचं, हे मला माहीत असायला हवं होतं. अजून एक, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, एल आणि आर बघूनच लावा. जोराने उलटं घुसवलं की क्रँक गेला.

तर अखेर चौकोनी चाक घरी आलं. एक मोठा फायदा, भिंतीला टेकवलं की घरंगळत नाही, ठेवलं तिथेच राहतं. फायदे संपले.

पार्किंगच्या फरशीवर चालवलं. चालवलं म्हणजे काय, चारदा बसले चारदा उतरले. सपाट बसलेलं असताना पुढचा कोपरा हबच्या १७.५ सेंटीमीटर पुढे असतो आणि क्रँक १२.५ चा, म्हणजे नुसतं पेडलवर उभं राहून ते उचलतच नाही, उलट चाक जागेवर आणि आपण मागे. वजन त्या कोपऱ्याच्याही पुढे झोकून द्यावं लागतं, मग ते एकदम कलतं आणि धप्पकन पुढच्या बाजूवर आपटतं. हब तिथे ७ सेंटीमीटर वर जाऊन खाली येतो, प्रत्येक चकरेत चारदा. एका आपटीला आधीचा सगळा वेग मरतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू. कुणीतरी आपल्याला पोत्यासारखं उचलून ठेवतंय, उचलून ठेवतंय असं वाटतं. तिसऱ्या दिवशी मला सलग अकरा आपट्या जमल्या, मोजल्या लेकीने. त्याच दिवशी पहिल्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या, म्हणाल्या कुणाकडे मसाल्याचं कांडप चालू आहे का. सीटबद्दल तर बोलायलाच नको, जाड सीट घ्या एवढंच सांगते. मनगटाचे गार्ड घाला, पडताना हातच आधी जातात.

आता रस्ता. हे झालं आणि मग मला त्या चौकोनाबद्दल प्रेम वाटायला लागलं, नाहीतर तो दिवाणाखाली गेला असता.

चौकोनी चाकाचा हब एका पातळीत राहायला हवा तर खालचा रस्ता चाक जितकं वर जातं तितकाच खाली जायला हवा. त्या उंचवट्यांचा आकार म्हणजे दोन टोकांना धरलेली साखळी आपल्या वजनाने जशी लोंबते ना, तोच, फक्त उलटा. इंग्रजीत कॅटेनरी म्हणतात. सूत्र बित्र आहे पण मला ते प्लायवर काढायचं कसं हा प्रश्न होता, तर सरळ साखळीच लटकवली. बाबांच्या चष्म्याची बारीक साखळी घेतली, त्यातले बरोब्बर ३५ सेंटीमीटर मोजले, म्हणजे चौकोनाची एक बाजू, आणि प्लाय भिंतीला उभा करून त्यावर ३०.८ सेंटीमीटर अंतरावर एका पातळीत दोन खिळे ठोकले. साखळी लटकवली. मधोमध किती खाली आली मोजलं, सव्वासात. आणि चौकोनाच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर वजा बाजूपर्यंतचं अंतर किती, सव्वासात. मी तिथेच खाली बसले. बाबा म्हणाले झालं असेल तर साखळी द्या, पेपर वाचायचाय.

पेन्सिलने रेघ मारली, कापलं, उलटं केलं, त्यावरून बाकीचे छापले, दहा उंचवटे, प्रत्येकाला दोन बाजूंना फळ्या आणि वर ३ मिलिमीटरच्या प्लायच्या पट्ट्या. रस्ता भरला तीन मीटर आणि थोडा. सुताराने हे काम एका दिवसात केलं, त्याला कशासाठी ते विचारायचं नव्हतंच, त्याने फक्त विचारलं पॉलिश करायचं का.

आणि मग त्यावर चौकोनी चाक. काय सांगू. धप्प नाही, आपटी नाही, जमिनीला जिथे टेकतं ती जागा कायम हबच्या बरोब्बर खाली, त्यामुळे तो १७.५ चा डोंगर चढायचाच नाही, १२.५ चा क्रँक आरामात पुरतो. कोपरा दोन उंचवट्यांच्या मधल्या खाचेत असा जाऊन बसतो, ती खाच बरोब्बर काटकोनात असते आणि कोपराही काटकोनाचा, टक् असा हलका आवाज येतो, दरवाजाची कडी बसल्यासारखा. सीट वरखाली अजिबात होत नाही. पण एक गोष्ट व्हिडिओत कळत नाही ती सांगते, पुढेमागे झोका मात्र असतो, पेडल एका लयीत मारलं तरी खाचेतून जाताना वेग वाढतो आणि उंचवट्यावर कमी होतो. तीनचाकीवर हे जाणवत नसेल, एकचाकीवर पोटात कळतं, दुसऱ्या तिसऱ्या फेरीला अंगात बसतं. आणि वळायचं नाही. जरासुद्धा तिरके गेलात की चौकोनाची बाजू उंचवट्याशी जुळत नाही आणि मग पडायचं तेही तीन मीटरच्या लाकडी वरवंट्यांवर. बाजूंना गाद्या टाका.

लेकीने विचारलं मग त्रिकोणी चाकाला पण असाच रस्ता कर. सरळ बाजूंच्या त्रिकोणाचं होत नाही, कोपरा खाचेत बसायच्या आधीच पुढच्या उंचवट्यात घुसतो. पंचकोन, षट्कोन चालतात, उंचवटे अजून बुटके होतात. म्हणून तिकोनी करायचं तर फुगीर बाजूंचं.

त्याला रोलो त्रिकोण म्हणतात. ऑफिसातल्या एका ज्ञानी माणसाने मला छातीठोक सांगितलं की त्याची रुंदी सगळीकडून सारखी, त्यामुळे ते गोल चाकासारखंच चालणार, रस्ताबिस्ता लागत नाही. अर्धं खरं. तसे तीन रोलर जमिनीवर ठेवून वर फळी ठेवली तर फळी एका पातळीत जाते हे बरोबर. पण आपण फळीवर बसत नाही हो, आपण हबवर बसतो, आणि हब मधोमध असतो, आणि मध्यापासून टोक लांब आणि फुगवटा जवळ. माझ्या मापात टोकापर्यंत २५ आणि फुगवट्यापर्यंत सव्वाअठरा, म्हणजे साधारण पावणेसात सेंटीमीटरचा झोका, प्रत्येक चकरेत तीनदा. चीनमध्ये चिंगदाओच्या गुआन बाइहुआ नावाच्या गृहस्थांनी २००९ मध्ये अख्खी सायकल अशी केली होती, मागे हे तिकोनी आणि पुढे पंचकोनी, फोटो शोधून बघा, त्यांच्या धीराला सलाम.

तरी हे चौकोनापेक्षा कितीतरी बरं. फुगवट्यावरून हळूहळू चढतं, टेकण्याची जागा हबच्या जास्तीत जास्त १२.५ सेंटीमीटर पुढे जाते, म्हणजे आपल्या क्रँकइतकीच, त्यामुळे साध्या फरशीवर, डांबरावर खरंच चालवता येतं. मी सोसायटीला एक पूर्ण फेरी मारलीय. त्रास वेगळाच आहे, पेडलं दोन आणि कोपरे तीन. उजवा पाय आडवा येतो तेव्हा चाक टोकावरून फुगवट्यावर उतरत असतं, डावा येतो तेव्हा फुगवट्यावरून टोकावर चढत असतं. म्हणजे एका पायाला उतार आणि दुसऱ्याला चढ, कायम. लंगडी घालत फुगडी खेळल्यासारखं. दुसऱ्या दिवशी माझी डावी मांडी बोलत होती, उजवी मजेत. हे दादांनीच केलं, साडेपाच हजार, गोलाई रोलिंगवाल्याकडून वाकवून आणली आणि यावेळी बेअरिंग काढूनच दिलं. फुगवटा तिन्हीकडे एकसारखा आलाय, मी पुठ्ठ्याचा साचा लावून बघितला, कुठे उजेड दिसत नाही. तीन मार्क चाकाला, कामाला नाही.

आता शेवटचं, आणि माझं लाडकं.

शुक्रवार पेठेत एक जुने सायकलवाले काका आहेत, पत्र्याची शेड, बाहेर पंपाला साखळी. त्यांच्याकडे मी १६ इंची रिम, लहान मुलांच्या सायकलची, आणि उरलेला हब घेऊन गेले आणि सांगितलं की हब मधोमध नको, तीन सेंटीमीटर बाजूला हवा. काकांनी चष्मा काढला. म्हणाले, "ताई, मी चाळीस वर्षं चाकाचा आऊट काढतोय. आऊट घालून द्या म्हणणारी तू पहिली." मग बराच वेळ हसले, मग चहा मागवला, आणि मग कामाला लागले ते असे की बाकीची गिऱ्हाइकं उभी.

रिम जमिनीवर आडवी ठेवली, खडूने मध्य काढला, तिथून तीन सेंटीमीटरवर हब ठेवला आणि एकेक तार लावून कुठे कापायची त्यावर नखाने खूण. अठ्ठावीस तारा, सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड यात साधारण सहा सेंटीमीटरचा फरक. प्रत्येक तार कापून पुन्हा आटे पाडले आणि त्या जमिनीवर क्रमाने मांडल्या, बासरीवाल्याने बासऱ्या मांडाव्या तशा. मी शहाणपणा केला की काका तारा सरळच टाका ना, क्रॉस कशाला, हिशोब सोपा होईल. ते म्हणाले, "सरळ टाकल्या की तू पेडल मारशील, हब फिरेल आणि रिम विचार करत बसेल." बरोबर आहे, एकचाकीत सगळा जोर हबमधून तारांत जातो, सरळ तारा तो पेलत नाहीत. दोन दिवसांनी चाक तयार. बाजूचा आऊट पूर्ण काढलेला, बोट लावून फिरवलं तर कुठे घासत नाही, आणि वरखालीचा तेवढा ठेवलेला. तारांसकट १,२०० रुपये घेतले. मी जास्त देत होते तर म्हणाले पुढच्या वेळी दे, तू परत येणारच.

चालवायला हे स्वर्ग आहे. एका चकरेत एकदाच वर, एकदाच खाली, मध्ये कुठे झटका नाही, पाळण्यात बसल्यासारखं. वर जाताना पेडल जड होतं, खाली येताना चाक स्वतःच पळतं, तेव्हा मागे रेटून धरावं लागतं नाहीतर ते आपल्याला सोडून पुढे जातं. ज्याला साधी एकचाकी येते त्याला हे अर्ध्या तासात जमेल. सोसायटीतली पोरं बघायला उभी राहतात कारण लांबून चाक गोलच दिसतं आणि बाईच तेवढी वरखाली होतेय, काय चाललंय कळत नाही. याच चाकात एक क्रँक काढून अर्धी चक्कर फिरवून लावला की दोन्ही पेडलं एका बाजूला येतात, स्क्वेअर टेपरचा हा एक उपकार, त्याला कांगारू म्हणतात, दोन्ही पाय एकदम वर एकदम खाली. मी दोनदा केलं, दोनदा तुळशीच्या कुंडीत गेले. त्यावर मार्क देत नाही, दोष माझा असू शकतो.

कुणाला करायचं असेल तर माझं सांगणं की काकांसारखा तारा बांधणारा माणूस शोधा आणि हुकलेलं गोल चाक आधी करा. चौकोनी करायचं तर रस्त्याच्या प्लायचे पैसे आधी बाजूला ठेवा, मला रस्ता चाकापेक्षा महाग पडला. पावसाळ्यात प्लाय आत घ्या, माझ्या दोन उंचवट्यांच्या पट्ट्या जूनमध्येच फुगल्या आणि आता तिथे टक् च्या ऐवजी टर्र होतं.

दादांकडे पंचकोनी टाकलंय. यावेळी ड्रॉइंग दिलंच नाही, त्यांच्या दुकानाच्या फरशीवर खऱ्या मापात खडूने काढून आले, क्रँकसकट, आणि वर लिहिलं, पुसू नका. काल फोन आला होता त्यांचा. म्हणाले, "मॅडम, कॅन्टीनची माणसं बाकडी न्यायला आलेली, विचारत होती ही रांगोळी कुणी काढली."